उलुरूला जाताय? एक रात्र कॅटल स्टेशनवर काढा

जुलैची शाळेची सुट्टी जवळ आली की आम्हा मेलबर्नच्या मराठी मंडळींत उलुरूचे, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या त्या प्रचंड लाल खडकाचे, बेत सुरू होतात. विमानाने जायचं, जवळच्या युलारा गावातल्या रिसॉर्टवर उतरायचं, सूर्योदय-सूर्यास्ताचे फोटो काढायचे आणि परत यायचं. माझं कळकळीचं सांगणं आहे, त्यातली एक रात्र तरी कर्टिन स्प्रिंग्जच्या कॅम्पग्राउंडवर तंबू ठोका.

लासेटर हायवेवर, उलुरूच्या शंभरेक किलोमीटर अलीकडे हे कॅटल स्टेशन, म्हणजे गुरं पाळण्याचं अवाढव्य रान, आहे. 1956 पासून सेव्हरिन कुटुंब ते चालवतंय. पसारा सुमारे 4,16,000 हेक्टरचा, म्हणजे अख्खा गोवा त्यात मावून वर जागा उरेल. पाऊस बेभरवशाचा आणि चारा विरळ, त्यामुळे थोड्या गुरांनाही प्रचंड रान लागतं. पाणी बोअरचं, वीज स्वतःच्या जनरेटरची. हे कळलं की नळ सोडून गप्पा मारणारी मुलंसुद्धा आपसूक आवरतात.

हायवे या रानातूनच जातो आणि त्याला कुंपण नाही. दिवस मावळल्यावर गाडी चालवू नका असं सगळे का बजावतात, ते इथे पटतं. डांबराला लागून लाल मातीत, कानात टॅग असलेली गाय वासरासकट उभी असते. हॉर्न वाजवला की मान वळवून बघते, जागची हलत नाही.

"तिथे करण्यासारखं काही नाही" ही तक्रार मला अजिबात पटत नाही. ती कामाची जागा आहे, आपण तिथे पाहुणे. माउंट कॉनर, इथल्या मूळनिवासी अनंगू लोकांचा अटिला, हा सपाट माथ्याचा डोंगर याच हद्दीत येतो. लांबून कित्येक जण त्यालाच उलुरू समजतात. पण परवानगीशिवाय, आपल्या मनाने त्याच्या पायथ्याशी जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

कुठल्याही स्टेशनवर फाटकाचा नियम एकच: उघडं दिसलं तर उघडं ठेवा, बंद असेल तर पुन्हा बंद करा. चांगुलपणाने लावलेल्या फाटकामुळे गुरं पाण्यापासून तुटतात, आणि तिथल्या उन्हाळ्यात ती जिवानिशी जाऊ शकतात. गुरांच्या हौदाजवळ तंबू नको तो यासाठीच. माणसं दिसली की गुरं बुजतात आणि तहानलेलीच माघारी फिरतात.

महाराष्ट्रात 2020 मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आलं, त्याचा मला आनंदच आहे. पण बऱ्याच ठिकाणी फेटा, बैलगाडीची फेरी आणि हुरडा यांतच दिवस संपतो, शेतकरी पाहुण्यांची करमणूक करत राहतो आणि त्याची खरी कामं मागे पडतात. पाहुण्यांनी शेताच्या वेळापत्रकात बसावं, शेताने पाहुण्यांच्या नव्हे, असं मला मनापासून वाटतं.

जाणार असाल तर गरम कपडे आणि चांगली स्लीपिंग बॅग न्या. जुलैत रात्री पारा पार शून्याजवळ उतरतो. आणि वाटेत इंधन मिळेल तिथे टाकी भरून घ्या, पुढच्या पंपाच्या भरवशावर राहू नका.