"या वयात कोण हात लावणार?"

सकाळी शाळेच्या ग्रुपवर एक बातमी आली. ऐंशीच्या पुढची बाई, तिच्याच घरात, तिला सांभाळायला ठेवलेला माणूस... पुढचं लिहीत नाही. खाली एका मित्राने लिहिलं, "या वयात कोण हात लावणार? म्हातारीला भास झाला असेल." सोबत दोन हसरे चेहरे. पाठोपाठ आणखी तिघे हसले. सगळे पन्नाशीचे, घरात म्हातारी आई असलेले.

मी काही बोललो नाही. पण ते वाक्य दिवसभर ठसठसतंय. कारण हेच वाक्य आमच्या घरातही बोललं गेलंय, जरा सभ्य शब्दांत. बोलणारा मी होतो.

आत्याला स्मृतिभ्रंश होता. तिला उचलावं लागायचं म्हणून रात्रीसाठी एजन्सीकडून पुरुष अटेंडंट ठेवला. ठरवलं मीच. तिला विचारायला हवं, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. दोनेक महिन्यांत ती अंधार पडला की चादर हनुवटीपर्यंत ओढायला लागली, दोन्ही मुठींत घट्ट धरून. डायपर बदलायला गेलं की किंचाळायची. "रात्रीचा नको" एवढंच म्हणायची. मी म्हणालो, "अगं आत्या, किती चांगला आहे तो." आणि डॉक्टरांना कळवलं की आजार वाढलाय.

हो, आजारातही असं होतं. संध्याकाळी घाबरणं, नाही ते दिसणं, आंघोळीला विरोध. मान्य. पण ती कुणालाही 'नको' म्हणत नव्हती रे. एकालाच म्हणत होती. नावं विसरली होती, कालचं जेवण विसरली होती, पण भीती विसरली नव्हती. भीती अशी पुसली जात नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आणि हे 'या वयात' काय असतं? लैंगिक अत्याचारात वासनेइतकाच ताबा असतो, आणि आपण पकडले जाणार नाही याची खात्री असते. जिला उठता येत नाही, नीट सांगता येत नाही, सांगितलं तरी 'भास झाला' म्हणतात, तिच्याइतकं सोपं सावज कुठलं? तिचं वय त्याच्या पथ्यावरच पडतं! आणि दरवेळी परकाच असतो असंही नाही. नवरा असतो, मुलगा असतो, वृद्धाश्रमात शेजारच्या खोलीतला असतो. म्हातारे पुरुषही सुटत नाहीत, ते तर मरेपर्यंत तोंड उघडत नाहीत.

डाग ताईने पाहिले. मांड्यांच्या आतल्या बाजूला, बोटं रुतल्यासारखे. माणूस पडला की गुडघ्याला लागतं, कोपराला लागतं, कमरेला लागतं. तिथे कसं लागेल? त्याआधी महिन्याभरात दोनदा लघवीचा संसर्ग झाला होता, कपड्याला रक्त दिसलं होतं. आम्ही म्हणालो, या वयात कातडी नाजूक होते. होतेच. म्हणून तर इजाही लवकर होते. पण भाच्याने आत्याला असलं विचारायचं कसं, ही माझी लाज. माझ्या लाजेपायी तिने किती रात्री काढल्या, कोण जाणे.

मग घाबरून आम्ही काय केलं? तिला स्वच्छ आंघोळ घातली. चादरी मशीनमध्ये टाकल्या. पुरावा स्वतःच्या हातांनी धुऊन काढला. अशा वेळी वैद्यकीय तपासणी होईल तितकी लवकर, सहसा 72 तासांच्या आत करायची असते. तोवर आंघोळ नाही, आणि अंगावरचे कपडे काढावेच लागले तर ते न धुता कागदी पिशवीत ठेवायचे. वर आम्ही पाच जणांनी आळीपाळीने तिला विचारलं, "त्याने इथे हात लावला का?" तेही चुकलं. शांतपणे एकदा विचारायचं, 'काय झालं?' आणि ती बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवायचं.

सगळे सांभाळणारे वाईट नसतात, हे सांगायला कमेंटमध्ये येऊ नका. ठाऊक आहे. दिवसा येणाऱ्या बाई प्रत्येक वेळी सांगायच्या, "आत्या, आता पाठ पुसते हं," आणि तिने मान हलवेपर्यंत थांबायच्या. बिछान्याला खिळलेल्या बाईलाही 'नको' म्हणता येतं, हे त्या घरात फक्त त्यांना माहीत होतं. तिला स्पर्श कुणी करायचा, हे तिला विचारलं असतं, मी कधीतरी न सांगता रात्री अकराला खोलीत डोकावलो असतो, तर? कॅमेरा लावू म्हणणारेही भेटले. उघड्या अंगावर चोवीस तास कॅमेरा, तोही तिला न विचारता?

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की साठीच्या पुढच्या दर सहा माणसांत एकाला वर्षभरात कुठला ना कुठला छळ सोसावा लागतो. त्यात लैंगिक अत्याचाराचा आकडा अगदी लहान दिसतो. दिसणारच. आमची आत्या त्या आकड्यात नाही. तक्रार केलीच नाही आम्ही. घराण्याचं नाव, तिचं वय, सिद्ध काय होणार... सगळी कारणं तयार होती.

त्या माणसाला काढला. महिन्याचे पैसे दिले. एजन्सीच्या बाईने फोनवर कारण विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "आता गरज उरली नाही." तिने विचारलं, "काम चांगलं होतं ना? दुसरीकडे पाठवायचाय."

मी "हो" म्हणालो.