फेडररचा तो शेवटचा सेट कोणी दाखवेल का?

आज सकाळी टेनिसपटू रॉजर फेडररच्या कारकिर्दीचा आढावा घेणारी आणखी एक चित्रफीत पाहण्यात आली आणि अक्षरशः डोके फिरले. 20 ग्रँड स्लॅम (टेनिसमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची विजेतेपदे), त्यांपैकी आठ विम्बल्डन, सलग 237 आठवडे अग्रक्रमांक आणि शेवटी 2022 मध्ये लंडनला दुहेरीच्या निरोपाच्या सामन्यानंतर जुना प्रतिस्पर्धी नदालच्या शेजारी बसून ढाळलेले अश्रू. मागे अर्थातच पियानो. हा मनुष्य जन्मतःच करंडक हातात घेऊन आला असावा, असे वाटावे! 2002 च्या विम्बल्डनमध्ये तो पहिल्याच फेरीत अँचिचकडून सरळ सेटमध्ये हरला होता आणि 2003 च्या फ्रेंच स्पर्धेत होर्नाकडून पुन्हा पहिल्याच फेरीत गारद झाला होता, याचा कुठे उल्लेखही नाही. त्यानंतर दीडेक महिन्यातच त्याने पहिले विम्बल्डन जिंकले, या विजयाचे मोल त्या दोन पराभवांशिवाय कळणार तरी कसे?

गौरवाच्या वेळी पराभव उगाळू नयेत, हे मान्य. पण वगळणे वेगळे आणि पुसून टाकणे वेगळे.

2019 चा विम्बल्डनचा फेडरर-जोकोविच अंतिम सामना मी वडिलांबरोबर पाहत होतो. पाचव्या सेटमध्ये 8-7, 40-15, सर्व्हिस फेडररची; म्हणजे जिंकायला एकच गुण हवा आणि त्यासाठी लागोपाठ दोन संधी. "आता झालेच," म्हणत वडील टाळ्या वाजवायला उभे राहिले. पहिल्या गुणावर त्याचा फोरहँड बाहेर गेला, दुसऱ्यावर तो नेटकडे धावला आणि जोकोविचने चेंडू त्याच्या बाजूने तिरका काढला. वडील तसेच उभे होते. त्या सामन्यात फेडररने 218 गुण मिळवले, जोकोविचने 204, आणि तरीही करंडक जोकोविचचा! कारकिर्दीच्या आढाव्यात यापेक्षा बोलका आकडा कोणता असेल? फेडररने स्वतःच 2024 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना सांगितले होते की, एकेरीचे जवळपास 80 टक्के सामने जिंकूनही त्याने गुण मात्र 54 टक्केच जिंकले होते. जे तो स्वतः न लाजता सांगतो, ते त्याच्या भाटांना मात्र झाकून ठेवावेसे वाटते.

सामना संपल्यावर मी रिमोट उचलला, तेव्हा वडील म्हणाले, "थांब, त्याला थाळी घेऊ दे." उपविजेत्याची थाळी हातात घेऊन तो बोलत होता आणि वडील ते सगळे शांतपणे ऐकत होते. माझा संताप तेव्हा अनावर झाला होता, हे खरे; त्यांचा का झाला नाही, हे आता थोडे उमगते.

चित्रफितीखाली कोणीतरी ज्ञान पाजळले आहे की, 2018 मध्ये विसावे ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळाल्यावरच त्याने थांबायला हवे होते. का म्हणून? तुमच्या चित्रफितीचा शेवट गोड व्हावा म्हणून? त्याने त्या वेळी निवृत्ती घेतली असती, तर वडील ज्या सामन्यासाठी उभे राहिले, तो झालाच नसता.

एकेरीतला त्याचा शेवटचा सामना 2021 च्या विम्बल्डनमधला, हुरकाचविरुद्धचा. 3-6, 6-7, 0-6. गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या, चाळिशीला महिनाभर उरलेल्या खेळाडूने स्वतःच्या लाडक्या कोर्टावर एकही गेम न जिंकता सेट गमावला, पण सामना अर्धवट सोडला नाही. पियानो खुशाल वाजवा, अश्रूही दाखवा; फक्त त्याआधी त्या सेटमधल्या एखाद्या गेमला अर्धा मिनिट द्या.