पाना उचलण्याआधी पट्टी घ्या
‘जुनी फ्रेम, रुंद टायर, झाली ऑफ-रोड सायकल’ हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मी नेमकं तेच केलं होतं. कोरड्या वाटेवर मस्त चालली. पहिल्याच चिखलात टायर आणि चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळ्या) मधे माती अशी गच्च बसली की चाक हलेना, शेवटी काटकीने कोरून काढली. दोन्ही बाजूंना निदान 6 मिमी जागा हवीच. मागचा हबही (चाकाचा मधला भाग, फ्रेममध्ये बसतो ती रुंदी) मोजा. जुन्या रोड फ्रेमला बहुधा 126 किंवा 130 मिमी, जुन्या माउंटन सायकलचा बहुधा 135. रुंद हब बसवायला स्टीलची फ्रेम थोडी फाकवता येते, अ‍ॅल्युमिनियमच्या वाटेला जाऊ नका. आणि हो, इंग्लिश आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटचा (पेडलचा आस फिरतो तो भाग) चेनकडचा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. सोडवतोय समजून मी अर्धा तास तो आवळतच होतो!