कंदी पेढ्यांची ऑर्डर कधी द्यावी

दत्तक घ्यायचं म्हणता? उत्तम. मग आधी एक काम करा. राजवाड्याजवळच्या तुमच्या नेहमीच्या पेढेवाल्याला सांगून ठेवलं असेल, तर आजच जाऊन ऑर्डर रद्द करून या. भाचीनं दत्तक घ्यायचं ठरवलं तेव्हा मी दोनदा ऑर्डर दिली आणि दोन्ही वेळा पेढे घरच्यांनीच संपवले. माझी शुगर तेव्हापासूनची आहे.

तुमची मुलगी, भाची, पुतणी कोणी तरी अमेरिकेत असणार. साताऱ्यात सदर बझारात दर दोन घरांमागे एक असते. जावई तिकडचे नागरिक झालेले असतात, घर मोठं असतं, आणि मूल आपल्या मातीतलंच हवं असतं. अशा वेळी इथल्या धावपळीला एक मामा लागतो. मामांना साताऱ्यात तोटा नाही, पण या कामातला अनुभवी मामा मी एकटाच. साडेतीन वर्षं ती फाइल काखेत मारून हिंडलोय. तेव्हा चार हिताच्या गोष्टी ऐका.

पहिली म्हणजे, सातारकरानं दत्तकाच्या कटकटीबद्दल कुरकुर करू नये. शोभत नाही. 1848 साली आप्पासाहेब महाराजांनी मरणाच्या दारात असताना दत्तक घेतला. कंपनी सरकार म्हणालं, आमची परवानगी कुठाय? आणि डलहौसीनं अख्खं सातारा संस्थान खालसा करून टाकलं. त्याआधी पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले होते. तिथं चौदा वर्षं राहिले आणि हात हलवत परत आले. तुमचं तर नुसतं एका कागदावर शिक्का उमटायचं राहिलंय. राज्य गेलेल्या गावानं फाइल अडकली म्हणून रडायचं नसतं.

आता खुद्द फाइल. परदेशी दत्तकाचं काम दिल्लीच्या कारा नावाच्या यंत्रणेमार्फत चालतं. संस्कृतात कारा म्हणजे तुरुंग, पण हा निव्वळ योगायोग समजावा. सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्ये परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले, 1990 मध्ये कारा आली, 1993 मध्ये हेगला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2003 मध्ये भारतानं तो मान्य केला. करारातली गोष्ट साधी आहे. मुलाला आधी त्याच्या आईबापांकडं ठेवायचा प्रयत्न करा, ते जमलं नाही तर देशातलं घर बघा, तेही नाही तर परदेशातलं. आणि यात कुणी पैसे खाऊ नयेत. वाचताना डोळे भरून येतात. कुणाचे कशानं, ते विचारू नका.

कागद गोळा करताना नावांच्या स्पेलिंगकडं लक्ष द्या. भाचीच्या जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, लग्नाच्या दाखल्यावर दुसरं आणि पासपोर्टावर तिसरंच. तीन बाया एका नवऱ्याशी लग्न करून एक मूल मागताहेत, असं दिसत होतं. मग ते दुरुस्त करा, नोटरी करा, त्याला अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, लावा. अपॉस्टिल हा शब्द आमच्या आळीत मी आणला. शेजारच्या काकूंना वाटलं मला काही तरी झालंय. दोन दिवस त्या पेज आणून देत होत्या.

तिकडं अमेरिकेत त्यांच्या बोटांचे ठसे घेतात आणि ते पंधरा महिन्यांनी शिळे होतात. बोटं तीच असतात, ठसे शिळे होतात. तोवर इकडं नियम बदलतात. पूर्वी दत्तकाचा आदेश न्यायाधीश देत. 2022 च्या सप्टेंबरपासून ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडं आलं. मग कोर्टात पडून असलेली प्रकरणं कलेक्टर कचेरीत पाठवायची की नाही, यावर मुंबई उच्च न्यायालयात वाद गेला आणि न्यायालयानं ती पाठवणं थांबवलं. या काळात फाइल कुठं आहे असं विचारायला गेलात की प्रत्येक जण समोरच्या इमारतीकडं बोट दाखवतो. बोट दाखवायला पंधरा महिन्यांची मुदत नसते.

रांग लांब आहे, हे मान्य करा. इथल्या नवरा-बायकोलासुद्धा तीन-तीन वर्षं थांबावं लागतं. म्हणूनच रांगेबाहेरची माणसं भेटतात. तुम्ही त्यांना शोधायचं नाही, ती तुम्हाला शोधत येतात. मला पोवई नाक्यावर चहाच्या गाड्यावर भेटले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आवाजात माया.

"मामा, एवढी कागदं कशाला करताय? म्हैन्यात काम करून देतो. वळखीचं हॉस्पिटल हाय. दाखल्यावर डायरेक आपल्या ताईंचंच नाव."

मी म्हटलं, "आणि आईचं?"

"कंच्या आईचं?"

त्यांनी चहाचे पैसेही दिले. आकडा तोंडानं सांगितला नाही, बोटांनी सांगितला. आता कायदा म्हणतो की मूल विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्यालाही पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. हॉस्पिटलातल्या माणसानं केलं तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. पण गृहस्थ 'विकणे' हा शब्द वापरतच नव्हते. 'देणगी', 'आईच्या औषधपाण्याचं', 'मॅडमला काही तरी बघा', 'पेढ्यांचं तेवढं लक्षात ठेवा' असंच चाललं होतं. आपल्या भाषेत लाचेला इतके गोड शब्द आहेत की डायबेटिस झालेल्या माणसानं ऐकूच नयेत.

तर मी नाही म्हटलं. फुशारकी मारत नाही, मी भित्रा आहे. पण घरी येऊन रात्रभर हिशेब करत बसलो. तो महिन्यात म्हणतो, मी तीन वर्षं. भाचीचं वय बेचाळीस. त्या रात्री मला तो माणूस वाईट वाटला नाही, हे मी लिहून ठेवतो. तुम्हालाही वाटणार नाही. म्हणून माझा सल्ला असा, की चहा नेहमी घरी प्यावा.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. सरळ रांगेत उभे राहिलात तरी प्रश्न विचारू नका. मूल कुठं जाणार याची चौकशी ढीगभर लोक करतात: पगार किती, घर केवढं, नवरा-बायको भांडतात का, कुत्रं आहे का. मूल कुठून आलं हे विचारणारा मात्र आगाऊ ठरतो. कारण अनाथ हा नेहमी सापडतोच असं नाही, कधी कधी तो तयार करावा लागतो. कृती सोपी आहे. एक निरक्षर आई, एक अंगठा, एक छापील समर्पणपत्र, म्हणजे मूल स्वखुशीनं सोडल्याचा कागद. कायद्यानं तिला विचार बदलायला साठ दिवस दिलेत, पण ते तिला वाचून दाखवायचं काम ज्याच्याकडं असतं, त्याला त्या दिवशी घाई असते.

आंध्रात 1999 पासून पुढं दोन-तीन वर्षं लंबाडा म्हणजे बंजारा समाजाच्या तांड्यांवरून मुली अशाच गोळा झाल्या आणि संस्थांच्या कागदांवर समर्पित म्हणून उभ्या राहिल्या. चेन्नईतल्या झोपडपट्टीतून पळवलेली मुलं अनाथ म्हणून ऑस्ट्रेलियात, नेदरलँड्समध्ये पोचल्याचं 2005 मध्ये पोलिसांना कळलं. तोवर ती मुलं तिकडच्या शाळेत रुळली होती, आणि घेणारे आईबाप बिचारे रांगेतले, पावत्या सांभाळून ठेवणारे. पुण्यातली एक संस्था 2010 मध्ये सीबीआयच्या तपासात आली. परदेशी पालकांकडून ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतल्याचे आरोप होते. पुणं आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. पण आपण तिकडं चितळ्यांकडं जातो, या गोष्टीत कशाला पडायचं?

आणि हे फक्त आपल्याकडचं आहे असं मानून खाली मान घालू नका. ग्वाटेमालातून इतकी मुलं जायला लागली की 2008 च्या सुरुवातीला दार बंद करावं लागलं. इथिओपियानं 2018 मध्ये बंद केलं. रशियानं 2013 मध्ये अमेरिकेवर रुसून तिला मुलं द्यायची थांबवली, त्यात भ्रष्टाचाराचा नव्हे तर राजकारणाचा भाग होता. मुलांना काय फरक पडला म्हणा. चीननं 2024 च्या सप्टेंबरात एका पत्रकार परिषदेत सांगितलं की आता परदेशी दत्तक नाही. ज्या कुटुंबांना मुलाचा फोटो आला होता, ज्यांनी खोली रंगवली होती, त्यांनी ती खोली बघत बसावं. ज्या नेदरलँड्समध्ये हेग आहे, त्यांच्याच समितीनं 2021 मध्ये बांगलादेश, श्रीलंका, इंडोनेशिया, ब्राझील, कोलंबिया इथून पूर्वी आणलेल्या मुलांचे कागद तपासले आणि सरकारनं लगेच परदेशी दत्तक थांबवलं. मग दार किलकिलं केलं. मग 2024 मध्ये हळूहळू कायमचं लावून घ्यायचं ठरवलं. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगानं 2025 मध्ये मान्य केलं की आई जिवंत असलेली मुलंही कागदावर अनाथ करून पाठवली गेली. ती मुलं आता पन्नाशीला आलीत, विमानानं परत येऊन पोलिस चौकीत आपलीच फाइल मागतात.

या बातम्या भाचीला पाठवू नका. मी पाठवायचो. मग तिचा रात्री अडीच वाजता फोन यायचा.

नातेवाइकांचं थोडक्यात सांगतो. त्यांना एकच प्रश्न असतो आणि तो ते सात प्रकारे विचारतात. कुणाचं असेल, कुठल्या घरचं, रंग कसा, रक्त कसलं. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "मुलगाच बघा बाई, एवढा खर्च करताय तर." पेढे मुलाचे, जिलेबी मुलीची, हा आपला जुना हिशेब. दत्तकात मुलीच जास्त मिळतात, कारण टाकल्याही त्याच जास्त जातात. याच जिल्ह्यात 2011 साली सरकारी कार्यक्रम करून 285 नकोशींची नावं बदलली होती. बाईमाणसाचं नावच नकोशी, हजेरीपटावर, रेशन कार्डावर. आता तीच नकोशी डॉलरमध्ये हवीशी होते म्हटल्यावर आत्याबाईंनी लगेच विचारलं, "मग तिकडची सरकारं काही देतात का गं?"

शेवटी आमचं काम झालं. मुलगी, पाच वर्षांची, एका कानानं कमी ऐकणारी. परदेशी कुटुंबांना बहुतेक अशीच मुलं मिळतात, मोठी किंवा आजारी, कारण इथल्यांना तान्ही आणि धडधाकट हवी असतात. होय-नाही ठरवायला दिवस नसतात, तास असतात. भाचीनं पहिल्या तासातच होय म्हटलं. मी त्या वेळी पेढे सांगितले नाहीत, पासपोर्ट हातात पडेपर्यंत सांगितले नाहीत. विमान उडाल्यावर सांगितले, जिलेबी नाही, पेढेच, पाव किलो, एकट्यानं खाल्ले.

तुम्हालाही अशी एक फाइल मिळेल. ती सही करण्यापुरती उघडा. तारखा वाचू नका. मी वाचल्या, ही चूक झाली. मुलगी तीन वर्षांची असताना एका एसटी स्टँडच्या बाकावर सापडली. पेपरात फोटो छापून आवाहन केलं, चार महिने वाट पाहिली, पालक मिळून आले नाहीत असा पोलिसांचा अहवाल आला. सगळं कायद्याप्रमाणं, एक पैसा कुणी खाल्ला नाही, मी स्वतः बघितलंय. खाली एका ओळीत टाइप केलेलं होतं: 'बालिकेस आईचे नाव विचारले असता आई असे सांगते.'

ती सापडल्याची तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली. साखर कारखान्यांचा पट्टा पडायचे, म्हणजे हंगाम संपायचे दिवस. ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाड बांधून बीडकडं परततात, स्टँडवर पोरं, भांडी, कोंबड्या, बोचकी, आणि बसमध्ये चढताना कुणी मोजत नाही. पेपरातली जाहिरात इथल्या आवृत्तीत आली होती. बीडच्या आवृत्तीत आली होती का, हे मी विचारलं नाही. प्रश्न विचारू नका, हे तुम्हाला वर सांगितलंच आहे.

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. पोरगी आता इंग्रजीत भांडते म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मामा, तिची आई तिकडंच कुठं तरी असेल का रे?"

मी म्हटलं, "रिचार्ज संपत आलाय."

रोज संध्याकाळी फिरायला मी स्टँडवरूनच जातो, डॉक्टरांनी सांगितलंय. पण फक्त बसवरचे बोर्ड वाचतो. बीडची गाडी सहा नंबरच्या फलाटावर लागते, आणि एप्रिलमध्ये तिथं बायकांची फार गर्दी असते.