सोळा टीबीची एकटी डिस्क: एका प्रतिक्रियेला उशिराचं उत्तर

नमस्कार,

उत्तराला दोन महिने लागले, माफ करा. तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री मी तावातावाने एक लांबलचक उत्तर खरडून ठेवलं होतं. टाकलं नाही ते बरं झालं, कारण मध्यंतरी जे घडलं त्यानंतर त्यातलं अर्धं खोडावं लागलं.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नौपाड्यात एका सीएंच्या ऑफिसात पोटमाळ्यावर प्रॉक्समॉक्सचा (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या सिस्टिमचा) एक सर्व्हर आहे. टॅलीचं विंडोज मशीन, फाइल शेअरिंगचा कंटेनर आणि दोनतीन किरकोळ गोष्टी त्यावर चालतात. मे महिन्यात मी त्यात १६ टीबीची हार्ड डिस्क वाढवली. त्यावर तुम्ही लिहिलंत: "एकच डिस्क, रेड नाही, वर ईएक्सटी४ करून डिरेक्टरी स्टोरेज. आमच्या महापेच्या डेटा सेंटरमध्ये असं कोणी केलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. ८ टीबीच्या तीन डिस्क घेऊन रेड ५ करायला काय झालं होतं? शिवाय दोन दिवस डिस्क नुसती घासत बसलात. आणि डिस्क माउंटच झाली नाही तर काय होतं, हे कधी करून पाहिलंय का?" (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडायच्या, रेड ५ मध्ये एक बिघडली तरी डेटा राहतो. ईएक्सटी४ ही डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम. माउंट म्हणजे डिस्क एका फोल्डरला जोडणं, आणि तेच फोल्डर प्रॉक्समॉक्सला साठवणीसाठी दिलं की झालं डिरेक्टरी स्टोरेज.)

रेडबद्दल मी अजून माझ्या मतावर ठाम आहे. त्या डिस्कवर काय आहे, हे लेखात एका ओळीत उरकलं, ती चूक माझी. चालू मशीन त्या डिस्कवर नाहीतच. ती सगळी दोन एसएसडींवर आहेत, झेडएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमच्या मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तीच प्रत. मोठ्या डिस्कवर जातात ते रोज रात्री २ वाजताचे बॅकअप, इन्स्टॉलेशनच्या आयएसओ फाइली आणि जुन्या कागदपत्रांच्या स्कॅनची दुसरी प्रत. शिवाय दर शनिवारी सीए साहेब एक पोर्टेबल डिस्क पिशवीत टाकून घरी नेतात. उद्या ही १६ टीबीची डिस्क मेली तर दुसरी लावायची आणि त्या रात्री बॅकअप पुन्हा घ्यायचा. जुन्या तारखांचे बॅकअप जातील, पण काम एक तासही थांबणार नाही.

तीन डिस्कच्या रेड ५ मध्येही जागा १६ टीबीच मिळाली असती. एक डिस्क गेली की नवीवर सगळं पुन्हा उभं करायचं. सेकंदाला १८० एमबीच्या वेगाने सलग लिहिलं तरी ८ टीबीला १२ तासांच्या वर जातात, आणि तेवढा वेळ उरलेल्या दोन डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचल्या जातात. त्यात एखादी अडखळली तर बसा. तुमच्याकडे थंडगार हॉलमध्ये रॅक असतात, पुढून डिस्क ओढून बदलता येते. इथे पोटमाळ्यावर वाकून चढावं लागतं आणि मे महिन्यात वर पापड वाळतील इतकं तापतं. तिथे तीन डिस्क फिरत ठेवायच्या त्या कशासाठी? बॅकअपच्या बॅकअपसाठी?

या ऑफिसात आजवर गेलेला डेटा डिस्क बिघडून गेलेला नाही. आर्टिकलशिप करणाऱ्या एका मुलाने घाईत एका क्लायंटचा अख्खा फोल्डर शिफ्ट दाबून उडवला होता. रेडने काय केलं असतं? सगळ्या डिस्कवरून तितक्याच इमानदारीने उडवला असता. तो परत आला आदल्या रात्रीच्या बॅकअपमधून.

ईएक्सटी४ न कळत सडलेला डेटा पकडत नाही, हे मान्य. झेडएफएस पकडतं, पण एकट्या डिस्कवर पकडून करणार काय? दुरुस्त करायला दुसरी प्रत हवी. म्हणून मी महिन्यातून एकदा एखादं मशीन बॅकअपमधून प्रॉक्समॉक्समध्ये वेगळ्या मशीन-नंबरने उभं करतो आणि टॅली उघडून पाहतो.

आता डिस्क घासण्याबद्दल. ती मी लॅमिंग्टन रोडवरून आणली आणि दादरहून ठाण्यापर्यंत संध्याकाळच्या फास्ट लोकलमध्ये दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होतो. तेवढ्या रेटारेटीनंतर कुठलीही डिस्क मी तपासल्याशिवाय लावत नाही. बॅडब्लॉक्स हा प्रोग्रॅम अख्ख्या डिस्कवर ठराविक पॅटर्न लिहून परत वाचतो. त्याची चार पॅटर्नची पूर्ण चाचणी १६ टीबीला आठवडाभर तरी खाते. मी एकच पॅटर्न लिहून वाचला, त्याचे ते दोन दिवस. (करून पाहणाऱ्यांनी ब्लॉक साइज ४०९६ द्यावी. नुसतं चालवलं तर १०२४ धरली जाते, आणि एवढ्या मोठ्या डिस्कचे ब्लॉक मोजता मोजता आकडा ३२ बिटांत मावत नाही म्हणून ते सुरूच होत नाही.)

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तो वाचून मी मनात म्हटलं होतं, "नोफेल टाकलंय की!" म्हणजे एफएसटॅबच्या (सुरू होताना माउंट करायच्या डिस्कच्या यादीच्या) ओळीत नोफेल लिहिलं की डिस्क सापडली नाही तरी सर्व्हर अडून बसत नाही, चालू होतो. लेखात हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. पुढे काय होतं, याचा विचार केला नव्हता.

जुलैच्या मध्यावर एका शुक्रवारी संध्याकाळी पाऊस कोसळत होता, वीज गेली. यूपीएसची बॅटरी संपली, सर्व्हर बंद पडला, वीज आल्यावर आपोआप चालू झाला. मोठी डिस्क मात्र आली नाही. नोफेलमुळे कुणाला काही कळलं नाही. रात्री २ वाजता बॅकअप सुरू झाला. ज्या फोल्डरवर डिस्क माउंट व्हायची ते "मोठी" नावाचं फोल्डर जागेवर होतंच, रिकामं, आणि ते होतं एसएसडींवरच्या रूटमध्ये, म्हणजे प्रॉक्समॉक्स स्वतः जिथे असतं त्या भागात. प्रॉक्समॉक्सने बॅकअप मुकाट्याने तिथे लिहिला. शनिवारी रात्रीही, रविवारी रात्रीही. तिन्ही सकाळी मला "बॅकअप यशस्वी" असे मेल आले आणि मी ते समाधानाने पुसून टाकले.

सोमवारी दहा वाजता ऑफिसातून फोन: टॅली गोठलंय. ३१ जुलै दोन आठवड्यांवर, आणि सीएंच्या ऑफिसात जुलैचा उत्तरार्ध कसा असतो ते सांगायला नको. फोनवरच पाहिलं तर विंडोज मशीनच्या स्टेटसमध्ये "आयओ-एरर", म्हणजे डिस्कवर लिहिता येत नाही. रूट आणि मशीन एकाच झेडएफएस पूलमधून, म्हणजे एसएसडींवरच्या सामाईक जागेतून जागा घेतात. जवळपास ४०० जीबीच्या बॅकअपने पूल गच्च भरला होता.

ऐरोलीहून ठाणं गाठलं, पोटमाळ्यावर चढलो. मोठ्या डिस्कची साटा केबल बाजूच्या पत्र्याला घासून अर्धवट सुटली होती. केबल खणातली जुनी, लॉक नसलेली, मीच लावलेली. सर्व्हर बंद करून नवी केबल लावली, डिस्क आली, माउंट झाली. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) ५ आणि १९७ क्रमांकांवर, म्हणजे खराब सेक्टरांच्या, शून्य, १९९ वर मात्र सीआरसीच्या, म्हणजे केबलवरून डेटा जातायेता झालेल्या चुका चढलेल्या. म्हणजे डिस्क ठणठणीत, दोष केबलचा.

आणि तरीही पूल भरलेलाच! अर्धा तास मी वेड्यासारखा फोल्डर मोजत बसलो. झेडएफएस म्हणतंय रूटने ४०० जीबी खाल्लेत, डीयू (फोल्डर मोजायची कमांड) म्हणतंय कुठेच काही नाही. खालून सीए साहेबांची चौथी हाक आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डिस्क आता त्याच फोल्डरवर चढून बसली होती आणि तीन रात्रींच्या फाइली तिच्याखाली झाकल्या गेल्या होत्या. डिस्क अनमाउंट केली, फाइली समोर आल्या. त्या हलवल्या, पूल मोकळा झाला, थांबलेलं मशीन पुन्हा सुरू केलं. टॅलीचा डेटा शाबूत होता. दुपारी एक वाजता खाली चहा मिळाला, पण गप्पा नाही मिळाल्या.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे आणि तो मला माहीत असायला हवा होता. स्टोरेजच्या नोंदीत इज-माउंटपॉइंट हा पर्याय "यस" करायचा. मग त्या फोल्डरवर खरोखर काही माउंट झालेलं नसेल तर प्रॉक्समॉक्स ते स्टोरेज बंद धरतं आणि बॅकअप फसल्याचं सांगतं. गंमत अशी की वेबवरच्या डिस्कच्या पानावरून डिरेक्टरी बनवली असती तर हे आपोआप झालं असतं. मी हाताने केलं, कारण ईएक्सटी४ ५ टक्के जागा रूट नावाच्या मुख्य युजरसाठी राखून ठेवतं. १६ टीबीवर ते होतात ८०० जीबी, आणि तेवढे मला सोडायचे नव्हते. ८०० वाचवायला गेलो आणि ४०० मध्ये अडकलो.

दुसरं म्हणजे रूटच्या डेटासेटला (पूलमधल्या त्याच्या कप्प्याला) आता १०० जीबीचा कोटा लावलाय. कुणी काहीही चुकीच्या जागी लिहिलं तरी मशीनांच्या जागेला धक्का लागणार नाही.

तुम्ही विचारलं होतंत ते आता करून पाहिलंय. मागच्या रविवारी सर्व्हर बंद करून डिस्कची केबल मुद्दाम काढली, चालू केलं आणि बॅकअप हाताने सुरू केला. लगेच लाल ओळ आली आणि मिनिटभरात अपयशाचा मेल. मग केबल परत बसवली आणि झिपटायने बांधली.

मूळ लेखातला नोफेलचा परिच्छेद बदलून त्याखाली "एका वाचकाने दाखवून दिल्यावरून" असं लिहिलंय. तुमचं नाव घातलेलं चालेल का, ते कळवा. रेडचा मुद्दा सोडायचा नसेल तर त्यावरही लिहा, या वेळी उत्तर लवकर देईन.