खांद्याला कोणी विचारलंच नाही

शिकारीची रायफल घ्यायची म्हटल्यावर सल्ले द्यायला माणसं भरपूर मिळतात, खांदा मात्र सगळीकडे आपलाच न्यावा लागतो. रायफल मी दहा मिनिटांत पसंत केली होती, अडलो ते काडतुसावर. नावं म्हणजे एकेक कोडंच ना! .३०-०६ मधलं ०६ हे १९०६ साल, पण ७एमएम-०८ मधलं ०८ साल नाही, ते .३०८ या काडतुसाची मान, म्हणजे गोळी धरणारं तोंड, आवळून केलेलं काडतूस, .२४३ पण त्याच .३०८ चं धाकटं भावंड, आणि .२७० ची गोळी मोजायला जावं तर ती भरते .२७७ इंच. बारशाला प्रत्येक जण वेगळ्या खोलीत बसला होता बहुतेक.

तेवढ्यात मित्र म्हणाला, "अरे घ्यायचंच तर .३०० विन मॅगसारखं दांडगं काडतूस घे. बारकं काडतूस घेऊन शिकारीला जायचं म्हणजे..." आणि वाक्य तसंच सोडून त्याने मिशीवरून हात फिरवला. मला मिशी नाही, तरी मीपण फिरवला.

रेंजवर पहिलाच बार. दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला, श्वास रोखला, घोडा दाबला, आणि त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. टोपी मागे, मी त्याच्याही मागे, आणि दुर्बिणीची कड भुवईवर अशी बसली की कपाळावर रेखीव चंद्रकोर उमटली, लाल रंगासकट. टार्गेटला मात्र खरचटलंही नव्हतं.

घरी खांद्याला बर्फ लावून हिशेब वाचत बसलो. माझ्या .३०० विन मॅगची १८० ग्रेनची गोळी म्हणजे धड १२ ग्रॅमसुद्धा नाही हो, पण ती सेकंदाला ९०० मीटरने पुढे पळते आणि सोबत ७० ग्रेनच्या आसपास दारूचा गॅसही बाहेर पडतो, त्या सगळ्याची भरपाई रायफल मागे येऊन करते. साडेआठ पौंडाची रायफल असेल तर साधारण २५ फूट-पौंडांचा दणका (फूट-पौंड हे ऊर्जेचं माप). .३०-०६ ला २० च्या आसपास, .३०८ ला १७-१८, ७एमएम-०८ आणि ६.५ क्रीडमूर १२-१३ वर, .२४३ तर दहाच्या जवळपास. हे आधी वाचलं असतं तर? पण आधी मी मिशीवरून हात फिरवत होतो.

खरी फजिती पुढच्या आठवड्यात झाली. गोळ्या टार्गेटभर पांगायला लागल्या, मी वाऱ्याला नावं ठेवली, दुर्बिणीला ठेवली, काडतुसाच्या अख्ख्या खोक्याला ठेवली. ट्रेनरने काही न बोलता रायफल घेतली, पाठ वळवून भरली आणि परत दिली. मी घोडा दाबला. टक्. ना आवाज, ना धक्का, पण मी डोळे गच्च मिटलेले, दात आवळलेले आणि नळी चांगली वीतभर खाली दाबलेली.

"साहेब, डमी काडतूस होतं ते, बिनदारूचं," ट्रेनर म्हणाला. "आता सांगा, वारा कुठून येतोय?"

मग उपाय सुरू. नळीच्या टोकाला मझल ब्रेक, म्हणजे गॅस बाजूला वळवणारं भोकांचं टोपण, लावला तर धक्का कमी झाला, पण आवाज असा की शेजारच्या बेंचवरचे काका न बोलता सामान उचलून दूर गेले. जाड रबरी पॅड लावला तर दस्ता लांब झाला आणि गाल जागेवर बसेना. रायफलचं वजन दुप्पट केलं तर दणक्याची ऊर्जा निम्मी होते हे अगदी खरं, फक्त ती रायफल डोंगर चढवायला सोबत दुसरा मी लागला असता.

शेवटी तोटा सोसून ती विकली आणि ७एमएम-०८ ची घेतली, १४० ग्रेनची गोळी, हरणाला पुरून उरते. वीस बार काढून झाले तरी खांदा जागेवर, आणि गोळ्या एका मुठीत मावतील अशा. मित्राला दाखवायला बोलावलं. "बारकंच घेतलंस शेवटी," म्हणत त्याने दोन बार काढले, दोन्ही टार्गेटच्या कडेला. म्हणाला, दुर्बिणीत काहीतरी गडबड आहे तुझ्या.

मी म्हटलं, असेल असेल, आण इकडे, मी भरून देतो. आणि पाठ वळवली.

टक्.

मिशीसकट दचकला.