स्प्रिंगबँक 18 आणि कॅम्पबेलटाउनबद्दल थोडं सविस्तर

जुन्या सिंगल माल्टचा, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेल्या व्हिस्कीचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वर्षांची? 12 म्हणजे बरी, 18 म्हणजे भारी, 25 म्हटलं की लोक हातच जोडतात. मला हे पटत नाही. वर्षं मोजायच्या आधी ती कोणी, कुठे आणि कशी बनवली हे विचारायला हवं. कॅम्पबेलटाउनच्या स्प्रिंगबँक या डिस्टिलरीबद्दल तर मी यावर वाद घालायलाही तयार आहे.

कॅम्पबेलटाउन हे स्कॉटलंडच्या पश्चिमेला, किंटायर द्वीपकल्पाच्या पार टोकाशी असलेलं छोटंसं बंदर. ग्लासगोहून बसने चार तासांहून जास्त लागतात. एकोणिसाव्या शतकात या गावात तीसहून अधिक डिस्टिलरी होऊन गेल्या. कोळसा जवळ, बार्ली जवळ, माल न्यायला दारात बोटी. स्प्रिंगबँकला परवाना मिळाला 1828 मध्ये. त्याआधी त्याच जागेवर आर्चिबाल्ड मिचेलची चोरटी भट्टी होती. 1837 पासून ती पिढ्यानपिढ्या मिचेल घराण्याकडेच राहिली.

मग गावाचे दिवस फिरले. खप वाढला तसा अनेकांनी दर्जा सोडला. ब्लेंड, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून बनवणाऱ्यांना स्कॉटलंडच्याच स्पेसाइड भागातली हलकी व्हिस्की आवडू लागली. 1920 मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली आणि जवळची कोळशाची खाणही बंद पडली. 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत उरल्या फक्त दोन: स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कोशिया.

स्प्रिंगबँक टिकली, पण सुखाने नाही. 1979 ते 1987 या काळात तिथलं उत्पादन जवळपास ठप्प होतं. जुन्या व्हिस्कीचा हिशोब असाच क्रूर असतो. त्या वर्षांत पिंपं फारशी भरली गेली नाहीत, म्हणजे पुढे 18-20 वर्षांनी बाटलीत भरायला फारसं काही नव्हतं. 1992 मध्ये त्यांनी स्वतःच्या फरशीवर बार्लीला मोड आणणं पुन्हा सुरू केलं. बहुतेक डिस्टिलरी आज मोठ्या कारखान्यांतून तयार माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) विकत घेतात. स्वस्त पडतं, त्यात गैर काही नाही. पण इथे भिजवलेली बार्ली दगडी फरशीवर पसरतात आणि माणसं ती फावड्याने उलटत राहतात, नाहीतर मोडांची मुळं एकमेकांत गुंतून गठ्ठे होतात. मग सुमारे सहा तास पीटचा (दलदलीतल्या वाळवलेल्या मातीसारख्या इंधनाचा) धूर आणि पुढे तीसेक तास गरम हवा. धूर किती द्यायचा हे तिथेच ठरतं. त्याच आवारातून आणखी दोन व्हिस्की निघतात: लाँगरोला तासन् तास धूर देतात, हेझलबर्नला अजिबात नाही. स्प्रिंगबँक अडीच वेळा डिस्टिल होते (काही भाग दोनदा, काही तीनदा), तिथेच पिंपात मुरते आणि तिथेच बाटलीत भरली जाते. ना रंग घालत, ना थंड करून गाळत.

18 वर्षांची घ्या. 46 टक्के अल्कोहोल. ग्लास कलता केला की काचेवरून तेलकट धारा अगदी सावकाश उतरतात. आधी सुकं अंजीर आणि मध, मग खारा वारा, आणि गॅरेजात येतो तसा ग्रीसचा हलका वास. चार थेंब पाणी घातलं की शेवटी विझत आलेल्या शेकोटीचा धूर येतो. हे सगळं नुसत्या 18 वर्षांनी येत नाही.

आकड्याचंच म्हणाल तर गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन ही सिंगल माल्ट बनते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी सुमारे 2 टक्के उडून जाते, गोव्याच्या उष्म्यात त्याच्या कितीतरी पट. तिथे पाच-सात वर्षांची व्हिस्कीसुद्धा चांगली मुरलेली असते. दोघींना एकाच फुटपट्टीने मोजणं अन्याय आहे.

मला खरा राग येतो तो बाटल्या घेऊन कपाटात कोंडून ठेवणाऱ्यांचा, दोन वर्षांनी लिलावात तिप्पट भावाने विकायला. या बाटल्यांमागची माणसं बघा. 1872 मध्ये विल्यम मिचेलने भावाशी बिनसल्यावर शेजारीच ग्लेनगाइल ही डिस्टिलरी काढली. ती 1925 मध्ये बंद पडली. त्याच घराण्यातल्या हेडली राइट यांनी ती 2004 मध्ये पुन्हा सुरू केली. गावात काम राहावं आणि कॅम्पबेलटाउनचं नाव व्हिस्कीच्या नकाशावरून पुसलं जाऊ नये, म्हणून केलेला हा खर्च होता. अशा लोकांनी बनवलेली वस्तू शेअरसारखी फिरवणं मला मनापासून खटकतं.

तेव्हा कोणी परदेशातून येणार असेल आणि 18 चा भाव ऐकून छाती दडपत असेल, तर 10 वर्षांची मागवा. तीही 46 टक्क्यांचीच, त्याच फरशीवरची. ग्लेनगाइलची किलकेरन 12 मिळाली तर तीही सोडू नका. आणि आणल्यावर चार मित्रांना बोलावून त्याच आठवड्यात उघडा.